मेंढी देतो, वाट मागू नका

भाईंदर पूर्वेला नवघर रोडवर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग लागते. रांगेतला जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "बोकडाचंच आहे ना?" आणि दुकानदार प्रत्येकाला एकच उत्तर देतो. पुण्याकडे निदान 'बोल्हाईचं मटण' अशी पाटी लावून मेंढीचं मटण उजळ माथ्याने विकतात. वाडे बोल्हाईच्या देवीला मानणारी घरं शेळी-बोकड खात नाहीत, मेंढीच खातात, त्यामुळे तिथे मेंढीला स्वतःचं नाव आहे. आमच्याकडे दुकानात शिरते ती मेंढी आणि पिशवीत पडतो तो बोकड. भाव किलोला आठशेच्या घरात. मी मेंढपाळाच्या घरातला आहे. चरबीचा रंग बघून मला फरक कळतो, पण मी रांगेत गप्प उभा असतो. नाव बदलून का होईना, खपतेय ना, असं मनात म्हणतो.

माझे वडील पारनेर तालुक्यातून भाईंदरला आले ते स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बफिंग करायला. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे आबा, मेंढरांमागेच राहिले. दिवाळी झाली की वाडा निघायचा. घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या आणि कोकरं लादायची आणि माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण, भिवंडी असं करत वसईच्या अंगाला यायचं. पाऊस तोंडावर आला की परत वर. लहानपणी मला वाटायचं, आबा दरवर्षी आम्हालाच भेटायला येतात. भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवायला येतात आणि त्या बदल्यात भात घेऊन जातात, हे पुढे कळलं.

आता आबांचा फोन येतो तो वेगळ्याच कामासाठी. घरात शिकलेला मी, म्हणून सरकारी योजनांचे अर्ज भाईंदरच्या खोलीतून मी भरतो. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना, 2017 पासूनची. अर्ज ऑनलाइन आहे. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं मोबाईलवर काढलेल्या तिरक्या फोटोंतून मी सरळ करून चढवतो. मग ओटीपी येतो. तो येतो आबांच्या मोबाईलवर आणि आबा असतात घाटात. रेंज मिळेल अशा टेकाडावर ते चढतात तोवर ओटीपी मेलेला असतो. एकदा त्यांनी फोनवर मला आकडे वाचून दाखवले, मी भरले, चूक निघाली. मग लक्षात आलं की ते गॅसच्या मेसेजमधले आकडे वाचत होते. आम्ही दोघंही खूप हसलो. अर्जाची मुदत मात्र त्याच रात्री संपत होती.

हा किस्सा मी तंत्रज्ञानाला नावं ठेवायला सांगत नाही. ओटीपीची अडचण सुटेल, एखादा भाचा शिकेल, रेंजही येईल. मुद्दा त्यामागचा आहे. हा अर्ज ज्या माणसाच्या कल्पनेवर बेतलाय तो माणूस एका जागी बसलेला आहे, त्याला पत्ता आहे आणि त्याच्या गोठ्याला दार आहे. मेंढपाळ तसा नाही म्हणूनच तो मेंढपाळ आहे. महाराष्ट्र सरकारचं मेंढपाळांविषयीचं सगळं धोरण एका वाक्यात सांगायचं तर असं: आम्ही तुला मेंढी देतो, तू आमच्याकडे वाट मागू नकोस.

योजना काय देते? वीस मेंढ्या आणि एक नर, 75 टक्के अनुदानावर. हा 'वीस अधिक एक' आकडा आपल्या पशुसंवर्धनात एखाद्या मंत्रासारखा झालाय, सगळ्या योजना त्याच्याभोवती फिरतात. वीस मेंढ्यांवर भटकणारं एक घर जगत नाही. वीस मेंढ्यांमागेही माणूस एकच लागतो आणि शंभरांमागेही एक-दोनच. घोडी, कुत्री, वाघर, वाटेतला खर्च, हे सगळं तेवढंच राहतं. म्हणून तर शहाणे मेंढपाळ चार-पाच घरांचा वाडा करून निघतात. वीस मेंढ्या हा आकडा मेंढपाळाच्या हिशेबातून आलेला नाही. अनुदानाची रक्कम जास्तीत जास्त नावांमध्ये वाटता यावी, या हिशेबातून तो आलेला आहे. दिलेल्या प्रत्येक मेंढीच्या कानात बिल्ला असतो, वाटपाच्या दिवशी फोटो असतो आणि फोटोत मेंढीपेक्षा माणसं जास्त असतात.

चराई अनुदानाचं मात्र मी कौतुक करतो, कारण त्यामागे कुणीतरी खरोखर विचार केला होता. ज्या भटक्या मेंढपाळ कुटुंबाकडे किमान वीस मेंढ्या आणि एक नर आहे, त्याला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दरमहा 6,000, म्हणजे एकूण 24,000 रुपये. हे चार महिने सगळ्यात वाईट असतात. शेतं पेरलेली, रानं बंद, पाय ठेवायला जागा नाही. म्हणजे या दिवसांत मेंढरांना चरायला जमीन उरत नाही हे सरकारला माहीत आहे. माहीत असून त्यावरचा उपाय काय, तर जमिनीऐवजी पैसे. आता हिशेब करू. चार महिन्यांचे 122 दिवस, 24,000 रुपये, म्हणजे दिवसाला घराला 197 रुपये. आबांची दीडशे मेंढरं. एका मेंढरामागे दिवसाला सव्वा रुपया आणि वर काही पैसे. भाईंदर स्टेशनच्या पुलाखाली सव्वा रुपयात चहाचा वासही मिळत नाही.

याच योजनांच्या मालिकेत आणखी एक कलम आहे, ते वाचून मी चष्मा पुसला होता. भूमिहीन मेंढपाळांना बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त मेंढीपालनासाठी किमान एक गुंठा जागा घ्यायला किमतीच्या 75 टक्के किंवा, जागा तीस वर्षांच्या भाडेकराराने घेतली तर, भाड्यापोटी एकदाच जास्तीत जास्त 50,000 रुपये. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. गोडदेवला आमची खोली जेमतेम चारशे फुटांची आहे आणि आम्ही चौघं तिच्यात राहतो, त्यामुळे मला गुंठ्याचा अंदाज चटकन येतो. अशा अडीच खोल्यांत एकवीस मेंढ्या. ज्या जनावराने आयुष्यात एका जागी दोन महिने काढले नाहीत त्याला वन-बीएचकेत आणायचं आणि त्याला विकास म्हणायचं. दख्खनी मेंढी कोरड्या माळावर दिवसाचे कित्येक कोस चालून, खुरटं गवत, शेंगा आणि पाला खाऊन जगते. तिचा सगळा गुण चालण्यात आहे. तिला कोंडलं की चारा विकत आणावा लागतो आणि विकतच्या चाऱ्यावर दख्खनी मेंढी परवडत नाही. मग 'धंदा तोट्यात आहे' म्हणून आणखी एक योजना येते.

बंदिस्त पालनाचा खरा लाभार्थी वेगळाच आहे. केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 2021 पासून पाचशे मादी आणि पंचवीस नर असा शेळ्या-मेंढ्यांचा प्रकल्प काढणाऱ्याला भांडवली खर्चाच्या 50 टक्के, जास्तीत जास्त 50 लाख रुपये अनुदान मिळतं. अट अशी की जमीन स्वतःची किंवा कराराची हवी, प्रकल्प अहवाल हवा आणि पैशांची सोय बँकेकडून नाहीतर स्वतःच्या खिशातून दाखवायला हवी. पाचशे मेंढ्या आमच्या गावच्या चार वाड्यांत मिळून आहेत. पण त्यांना प्रकल्प अहवाल नाही, कारण त्यांचा प्रकल्प रोज पहाटे उठून चालायला लागतो. फिरणाऱ्या घराला वर्षाला 24 हजार आणि बसलेल्या शेडला 50 लाखांपर्यंत, या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत सरकारचं मन वाचता येतं.

जमीन गेली कुठे, ते बघू. भारतीय वन अधिनियम 1927 चा आहे. त्यात 'गुरे' या शब्दाची व्याख्या आहे. हत्ती, उंट, म्हशी, घोडे, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढे, मेंढ्या, कोकरं, शेळ्या, करडं, सगळे तिच्यात आहेत. कोकरूसुद्धा सुटलेलं नाही. राखीव वनात परवानगीवाचून चारणं गुन्हा, आणि सापडलेलं जनावर 1871 च्या कॅटल ट्रेसपास कायद्याखाली कोंडवाड्यात. 1871 हे साल भटक्यांच्या घरात विसरलं जात नाही, कारण गुन्हेगार जमातींचा कायदाही त्याच वर्षीचा. एका वर्षात इंग्रजाने फिरत्या माणसाला गुन्हेगार ठरवायची आणि त्याच्या जनावराला कोंडायची, दोन्ही सोयी करून ठेवल्या. पहिला कायदा 1952 मध्ये गेला, दुसरा अजून कामाला येतो.

वनाबाहेर गायरान होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या जगपाल सिंग खटल्यात गावाची सामायिक जमीन गावालाच राहिली पाहिजे असं ठणकावून सांगितलं. त्यानंतर अतिक्रमणांवर पुष्कळ चर्चा झाली. पण सरकारच जेव्हा गायरान उचलून देतं तेव्हा त्याला अतिक्रमण म्हणत नाहीत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन मालकाला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडं मिळतं आणि सरकारी जमीन नाममात्र दराने जाते. त्या सरकारी जमिनीत गायरानं आली. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, याला माझी ना नाही. माझ्याच चुलतभावाला ती हवी आहे. मी एवढंच विचारतो की खासगी जमिनीची किंमत सव्वा लाख असेल तर गायरानाची शून्य कशी? तिच्यावर जे चरत होतं त्याला सातबारा नव्हता, म्हणून.

आणि माळरानं तर सरकारच्या दप्तरात 'पडीक' आहेत. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी केलं पाहिजे असं खात्याला वाटतं. मग चर खणायचे, गिरिपुष्प लावायचं, कुंपण घालायचं. 2019 च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी झाडांचं लक्ष्य ठेवलं होतं. झाड वाईट कोण म्हणेल? पण ज्या माळावर कुसळी आणि पवन्या गवत उगवतं तिथे हजारो वर्षं झाड नव्हतं म्हणूनच लांडगा, चिंकारा आणि माळढोक होते. आता पुण्याच्या वनविभागाने इंदापूर-बारामतीकडे गवताळ सफारी सुरू केली आहे. शहरातली माणसं पैसे भरून लांडगा बघायला जातात. छानच आहे. पण तो लांडगा आजवर कुणाच्या मेंढरांवर जगला, याची पाटी तिथे लावावी असं मला फार वाटतं.

नावांच्या बाबतीत मात्र सरकारने हात आखडता घेतलेला नाही. महामंडळाला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव, योजनेला यशवंतराव होळकरांचं नाव, सोलापूरच्या विद्यापीठाला नाव, आमच्या अहमदनगर जिल्ह्याला नाव. 2025 मध्ये त्रिशताब्दीनिमित्त अख्खं मंत्रिमंडळ चौंडीला बैठकीला आलं होतं. अहिल्याबाईंनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. चालणाऱ्या माणसाला वाटेत काय लागतं, याची जाण असलेली ती राज्यकर्ती होती. तिचं नाव घेणाऱ्या योजनेत वाटेवरच्या एका हौदाची तरतूद असती तर नाव शोभलं असतं. महामंडळाची दहा प्रक्षेत्रं आहेत: रांजणी, महूद, दहिवडी, पाडेगाव, तीर्थ, मुखेड, अंबाजोगाई, बिलाखेड, पोहरा, बोंद्री. तिथे जातिवंत नर तयार होतात, हे काम गरजेचं आहे. 2023 च्या अर्थसंकल्पात आणखी एका सहकारी महामंडळाची आणि 10 हजार कोटींच्या बिनव्याजी कर्जाची घोषणा झाली. कर्ज पुन्हा कशाला, तर मेंढ्या घ्यायला. चरायच्या कुठे, हे कर्जाच्या अर्जात विचारलं जात नाही. आरक्षणाचा वाद मी इथे काढत नाही. तो खरा आहे आणि वेगळा आहे. पण 'धनगर' की 'धनगड' यावर जितकी शाई गेली तिच्या शंभराव्या हिश्शाने गायरानांची मोजणी झाली असती.

मेंढ्या वाटण्याने काय होतं ते शेजारी तेलंगणात दिसलं. तिथे 2017 पासून वीस मेंढ्या आणि एक नर, 75 टक्के अनुदानावर, अशी प्रचंड योजना राबवली गेली. आकडे बघाल तर ती यशस्वी आहे. 2012 ते 2019 मध्ये तेलंगणातल्या मेंढ्या 1 कोटी 28 लाखांवरून 1 कोटी 91 लाखांच्या आसपास गेल्या आणि ते देशात पहिलं राज्य झालं. पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालात मेंढ्या वाहून नेलेल्या गाड्यांचे नंबर तपासले, तर त्यांत दुचाकी आणि रुग्णवाहिका निघाल्या. त्याच त्या मेंढ्या पुन्हा पुन्हा विकल्या गेल्याच्या तक्रारी झाल्या. 2024 मध्ये तिथल्या लाचलुचपत खात्याने पशुसंवर्धनाचेच अधिकारी धरले. मेंढी चालते, तशी कागदावरही चालते, आणि कागदावर तिला गवत लागत नाही. आपल्याकडे 2012 ला 25 लाख 80 हजार मेंढ्या होत्या, 2019 ला 27 लाखांच्या आत-बाहेर. वाढ कमी म्हणून आपण हळहळायचं कारण नाही. वाढवून ठेवायच्या कुठे, एवढाच माझा प्रश्न आहे.

वनखात्यातली प्रामाणिक माणसं म्हणतात, "मेंढरं रोपं खातात, माती उघडी पाडतात." खातात. कोवळ्या रोपवनात कळप घुसला तर वर्षाची मेहनत जाते, हे मी नाकारत नाही. पण जागा आक्रसत गेली की उरलेल्या तुकड्यावर सगळ्यांचे कळप येतात आणि तो तुकडा उघडा पडतो. मग तो उघडा तुकडा दाखवून सांगतात, बघा, तुमच्या मेंढ्यांनी काय केलं. हिमाचलात गद्दी मेंढपाळाला वनखात्याचा चराई परवाना असतो, कुठल्या भागात किती जनावरं न्यायची ते त्यात लिहिलेलं असतं. त्यातही भांडणं आहेत, पण कागद आहे. आमच्या आबांकडे साठ वर्षांच्या चालण्याचा कागद म्हणून दंडाच्या पावत्या आहेत.

शेतकऱ्याची तक्रार वेगळी. त्याच्या बांधावरचं पीक जातं, तो चिडतो, आणि त्याचं चिडणं बरोबर आहे. पण हाच शेतकरी एकेकाळी वाड्याच्या वाटेकडे डोळे लावून असायचा. मेंढ्या दोन रात्री शेतात बसल्या की लेंडी आणि मुताने जमीन अशी काही होते की पुढचं पीक बघून कळायचं कुठल्या खाचरात वाडा होता. त्यासाठी धान्य मिळायचं, पैसे मिळायचे, जेवण मिळायचं. ती देवघेव कशाने मोडली? बागायत आणि ऊस आला, शेत वर्षभर मोकळं राहीना, हे एक. दुसरं असं की युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. ती त्या भावात मिळते कारण केंद्र सरकार खतांवर वर्षाला दीड लाख कोटींहून जास्त अनुदान देतं. म्हणजे मेंढपाळाच्या लेंडीशी स्पर्धा करणाऱ्या मालाला सरकार पैसे पुरवतं आणि लेंडी आणणाऱ्याला सव्वा रुपया. सेंद्रिय शेतीच्या परिषदा मात्र जोरात चालू आहेत. शेतात मेंढ्या बसवणाऱ्या शेतकऱ्याला खताच्या अनुदानातून एकरी काही रक्कम द्या, ती त्याने वाड्याला द्यावी. वाडा पुन्हा पाहुणा होईल. हे माझ्यासारख्या बिनहुद्द्याच्या माणसाला भाईंदरच्या लोकलमध्ये उभ्याने सुचतं, तर मंत्रालयात बसून का सुचू नये?

लोकरीबद्दल बोलण्यासारखं फार उरलेलं नाही. सनगरांचे माग थंडावले, घोंगडी आता सत्काराला लागते. दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर कातरायची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जड जाते. आबा लोकर कातरून तिथेच टाकतात.

"फिरत्या लोकांसाठी सरकारने काय करायचं, ते सापडतच नाहीत," असं मला एका शिबिरात एका साहेबांनी समजावलं होतं. मला हसू आलं, कारण आषाढ जवळ आला होता. आळंदी-देहूहून लाखो माणसं तीन आठवडे चालतात आणि याच राज्याचं शासन त्यांना अचूक सापडतं. टँकर येतात, फिरती शौचालयं येतात, दवाखान्याच्या गाड्या येतात. पालखीसाठी महामार्ग बांधून घेतले. कुठल्या मुक्कामाला किती पाणी लागेल याचा तक्ता असतो. चालणाऱ्या समाजाची बडदास्त कशी ठेवायची हे महाराष्ट्राइतकं क्वचितच कुणाला येत असेल. काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, दरवर्षी टीव्हीवर दाखवतात, निवेदिकेचा आवाज भरून येतो. ती मेंढरं रिंगण संपल्यावर कुठे जातात, त्या कॅमेऱ्याला कधी दिसलेलं नाही. आमची वारी आठ महिन्यांची असते, तिला एक टँकर येत नाही.

स्पेनमध्ये मेंढ्यांच्या वाटांना कायदा आहे. 1273 साली तिथल्या राजाने मेंढपाळांच्या संघाला सनद दिली, मोठ्या वाटांची रुंदी ठरली, ती आजच्या मापात 75 मीटर. 1995 च्या कायद्याने या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून जपल्या, सव्वा लाख किलोमीटरचं जाळं आहे म्हणतात. दरवर्षी माद्रिद शहराच्या मधून मेंढ्यांचा कळप नेतात, वाट अजून आपली आहे हे दाखवायला. तिथेही पुष्कळ वाटा रस्त्यांनी, इमारतींनी गिळल्या. पण गिळल्या तर तक्रार करता येते, कारण वाट नकाशावर आहे. आपल्याकडे माळशेजची वाट कुठल्या नकाशावर आहे? समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर, दोन्ही बाजूंनी बंद. भिवंडीची भातखाचरं गोदामांखाली गेली. वसईत इमारती आल्या. प्रत्येक प्रकल्पाच्या कागदात बाधित शेतकरी मोजले गेले, बाधित झाडं मोजली गेली. बाधित वाट मोजायला रकानाच नव्हता.

आणि कायदा नाही असंही नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(घ) मध्ये भटक्या आणि पशुपालक समाजांचा हंगामी चराईचा हक्क शब्दशः लिहिलेला आहे. मेख पुढे आहे. जो अनुसूचित जमातीत नाही त्याने तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, त्या वनावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यायचा. आणि तो ठरवणार त्या त्या गावची ग्रामसभा. वाटेतल्या साठ गावांच्या साठ ग्रामसभांपुढे परक्या माणसाने उभं राहायचं आणि म्हणायचं, माझा आजा इथे दरवर्षी दोन रात्री राहायचा. कोण हो म्हणेल? सरकारला मेंढपाळांसाठी खरंच काही करायचं असेल तर हा पुरावा सरकारनेच गोळा करावा. जुनी गॅझेटियर आहेत, दंडाच्या पावत्या आहेत, वाटेवरची बिरोबा-खंडोबाची ठाणी आहेत, म्हातारी माणसं अजून आहेत. संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे चराऊ रानांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्यानिमित्त एखादं परिसंवादाचं दालन उभं राहील, त्यात घोंगडी देऊन सत्कार होईल. त्यापेक्षा एका जिल्ह्याच्या वाटांचा नकाशा करा. एकाच.

आता माझ्यावरचा आक्षेप, तो मीच घेतो. "तुझा बाप मेंढरं सोडून आला म्हणून तू शिकलास, तुझी पोरगी इंग्रजी शाळेत जाते, आणि आबांच्या नातवाने मात्र मेंढरांमागे फिरावं असं तुला वाटतं?" नाही वाटत. आबांचा थोरला नातू रांजणगावच्या कंपनीत कंत्राटावर लागला, तेव्हा मी पेढे खाल्ले. पण धाकटा राहिला. त्याला जनावरातलं कळतं, मेंढीच्या चालीवरून तो तिचं दुखणं ओळखतो, आणि त्याला हेच करायचं आहे. त्याच्या बायकोला मात्र लेकरांची शाळा हवी आहे आणि रात्री बिबट्याची भीती नको आहे. ज्याला सोडायचं त्याने सोडावं, पण ज्याला राहायचं आहे त्याला नाइलाजाने सोडायला लागू नये. वाटांच्या मुक्कामांना हंगामी शाळा जोडता येतात, साखर कारखान्यांच्या फडांवर साखरशाळांचा प्रयोग झालाच होता. धंदा मरतोय म्हणून पोरं सोडतात की पोरांना राहता येत नाही म्हणून धंदा मरतोय, हे तपासायच्या आधीच आपण फेटे बांधून मेंढ्या वाटायला निघतो.

डिसेंबर 2021 च्या पहिल्या दोन रात्री मला आठवतात. अवकाळी पाऊस आणि वारं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, संगमनेर, सगळीकडे उघड्यावर बसलेली मेंढरं गारठून गेली, शेकडोंनी मेली. आबांची एकोणीस गेली. मी भाईंदरहून पहाटेची गाडी धरून पोहोचलो, तर आबा मेलेल्या मेंढ्यांजवळ बसले होते, त्यांना मातीत पुरता येत नव्हतं कारण पंचनामा व्हायचा होता. पंचनाम्याला माणूस दुसऱ्या दिवशी आला. तो भला माणूस होता, त्यालाही वाईट वाटत होतं. त्याने विचारलं, "तुमचं गाव कोणतं?" आबांनी सांगितलं. "मग तिकडच्या तलाठ्याकडे जावं लागेल." केंद्राच्या 2022 नंतरच्या निकषांप्रमाणे दगावलेल्या मेंढीला 4,000 रुपये मिळतात, बाजारात तिचे दहा हजार होतात. पण आम्ही त्या दिवशी रकमेपर्यंत पोहोचलोच नाही, आम्ही हद्दीवरच अडलो.

गेल्या जानेवारीत आबांचा वाडा कामणच्या बाजूला उतरला होता. भाईंदरहून खाडी ओलांडली की फारसं लांब नाही. मी आणि माझी मुलगी गेलो. एका बांधकाम थांबलेल्या भूखंडावर त्यांनी वाघर लावली होती. भूखंडाच्या राखणदाराला दूध आणि एक कोकरू देऊन चार दिवस मिळाले होते. राखणदार बिहारचा, त्याच्या घरीही जनावरं होती, म्हणून जमलं. मुलीने कोकरू मांडीवर घेतलं आणि विचारलं, "आजोबा, हे कुठे राहतं?" आबांनी हाताने पूर्वेकडे घाट दाखवला, मग दक्षिणेला काहीतरी दाखवलं, मग हात खाली घेतला.

निघताना ते म्हणाले, "औंदा पुन्हा फारम भरायचं म्हणतेत. वीस मेंढ्यांचं." मी म्हटलं, भरू की. ते म्हणाले, "भर. पर त्या वेबसाइटवर एवढं इचार, उन्हाळ्यात पाटाकडनं परत जायची वाट बंद केलीया, तिथं आता कुणाला भेटायचं."

मी भरला अर्ज. तसा प्रश्न विचारायला त्यात जागा नव्हती. ओटीपी या वेळी पहिल्याच फटक्याला आला.